कितवा आलास?

प्रगतिपुस्तक घरी आलं की माझे वडील चष्मा पुसून फक्त एक रकाना बघायचे. गणितात किती, इतिहासात किती, बाईंनी शेऱ्यात काय लिहिलंय, याकडे त्यांचं लक्षही जायचं नाही. शेवटून दुसरा रकाना होता 'वर्गातील क्रमांक'. तो एक आकडी असला की लगेच सही, दोन आकडी असला की आधी भाषण आणि मग सही. ते इथल्या, म्हणजे इंदूरच्या, एका कापडगिरणीत कारकून होते. "पहिल्या पाचात राहिलास तर कुठंतरी चिकटशील," असं म्हणायचे. त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. मुलाला द्यायला त्यांच्याकडे ना दुकान होतं, ना शेत, ना कुणाची ओळख. पुढं शहरातल्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली आणि तिथल्या मजुरांना हक्काचे पैसे हातात पडायला 2023 उजाडलं. असलं ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्या घरात तो रकाना आणखी जड झाला असेल तर नवल नाही.

मराठीत 'कितवा' हा मोठा सुटसुटीत शब्द आहे. हिंदीत त्यासाठी 'कौन-सा नंबर' म्हणावं लागतं, हल्ली 'रैंक कितनी आई' म्हणतात. इंग्रजीत तर हा प्रश्न धड विचारताच येत नाही. आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर नव्या मुलांना 'राम हा दशरथाचा कितवा मुलगा?' याचं भाषांतर करायला सांगून गंमत बघत बसायचे. असा नेमका शब्द आपल्या भाषेत आहे याचा अभिमान वाटायला हरकत नाही. पण तो विचारतो काय? तुझ्या पुढं किती जण आहेत, एवढंच. तुला काय येतं, हे त्या प्रश्नात कुठंच नाही.

मी 34 वर्षं गणित शिकवलं. शाळांनी मुलांमध्ये अभ्यासाची स्पर्धा लावावी की नाही, हा वाद दर पालकसभेत कुणी ना कुणी उकरून काढायचाच. निम्मे पालक म्हणायचे, स्पर्धेनं मुलं करपतात. निम्मे म्हणायचे, स्पर्धा नसेल तर मुलं लोळतात. दोघांचीही उदाहरणं खरी असायची, त्यामुळे चहा येईपर्यंत वाद चालायचा आणि चहा आला की संपायचा. माझं मत आता पक्कं झालंय. शाळेत स्पर्धा भरपूर असावी, वर्गात एकही नसावी. हे कोड्यासारखं वाटेल, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

आधी माझा कबुलीजबाब. नोकरीची पहिली अकरा वर्षं मी तपासलेले पेपर मार्कांच्या क्रमानं वाटत असे. सगळ्यात जास्त मार्कवाल्याचं नाव आधी, मग दुसरं, मग तिसरं. मुलानं पुढं येऊन पेपर घ्यायचा, पहिल्या पाचांसाठी टाळ्या. कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या मास्तरांनी तसं केलं होतं म्हणून मीही करत होतो. यानं मुलांना चेव येतो अशी माझी समजूत होती. वर्गात 42 मुलं. गठ्ठा जाड असताना वर्ग कान टवकारून बसलेला असायचा. गठ्ठा पातळ होत गेला की मागच्या बाकांवर एक चमत्कारिक शांतता यायची. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा तर गठ्ठ्यात चार-पाच पेपर उरले की नाव पुकारायच्या आधीच उठून उभा राहायचा. मला ते बरं वाटायचं, वेळ वाचतो म्हणून! तो का उभा राहतो, हे मी अकरा वर्षांत एकदाही मनात आणलं नाही. एवढं मात्र सांगून टाकतो: तो मुलगा पुढं मोठा कारखानदार झाला आणि मला मोटारीतून भेटायला आला, असली गोष्ट माझ्याकडे नाही. तो पुढं काय करतो, मला ठाऊक नाही.

एकदा सुट्टीत जुन्या मार्कांच्या वह्या चाळत होतो. सहज म्हणून एका तुकडीचे वर्षभरातले पहिले पाच क्रमांक लिहून काढले. चाचण्या, सहामाही, वार्षिक, सगळं धरून. पाच जागा, आणि त्यावर वर्षभर आलटूनपालटून बसलेली मुलं किती? सात. मी ज्याला वर्गातली स्पर्धा म्हणत होतो ती या सात जणांची होती. उरलेले पस्तीस प्रेक्षक होते, आणि त्यांना उठून जायची परवानगी नव्हती.

स्पर्धेनं माणूस जास्त जोर लावतो, हे खोटं नाही. नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या अमेरिकन संशोधकानं 1898 साली यावर प्रबंध लिहिला. सायकलस्वार एकटे धावतात त्यापेक्षा शेजारी दुसरा असला की जास्त वेगानं धावतात, हे त्याला शर्यतींच्या नोंदींवरून दिसलं होतं. मग त्यानं मुलांच्या हातात मासे पकडायच्या गळाची रिळं दिली आणि ती एकट्यानं आणि जोडीनं गुंडाळायला सांगितली. स्पर्धेच्या बाजूचे लोक या प्रयोगाचा दाखला इथपर्यंतच देतात. पण चाळीस मुलांचं पुढं काय झालं तेही त्यानं लिहून ठेवलंय. निम्मी मुलं जोडीदार असताना भराभर गुंडाळू लागली. दहांना काही फरक पडला नाही. आणि दहा मुलं उलट मंदावली, चढाओढीच्या भरात त्यांचे हात गडबडले. सव्वाशे वर्षांपूर्वीचा साधा प्रयोग, आजच्या कसोट्यांना तो कितपत उतरेल यावर पंडितांनी वाद घालावा. मला त्यातली ती दहा मुलं ओळखीची वाटतात. आणि रीळ गुंडाळणं म्हणजे काही अपूर्णांकांचा भागाकार नव्हे. ज्यात फक्त हात चालवायचा तिथं पन्नास टक्के मुलं सुधारली; ज्यात थांबून, चुकून, पुन्हा मागं जाऊन विचार करावा लागतो तिथं घाई कामाला येत नाही.

मग स्पर्धाच नको का? इंदुरात राहून असं म्हणणं मला जमणार नाही. हे होळकर क्रिकेट संघाचं गाव आहे. सी. के. नायडूंच्या आणि मुश्ताक अलींच्या गोष्टी ऐकत आमची पिढी वाढली. होळकर संघानं रणजी करंडक चार वेळा जिंकला, पण जुनी माणसं जी गोष्ट रंगवून सांगायची ती हरलेल्या सामन्याची होती. 1944-45 चा अंतिम सामना, मुंबईविरुद्ध, ब्रेबर्नवर. शेवटच्या डावात आठशेच्या वर धावा करायच्या होत्या, म्हणजे जिंकण्याची आशा कुणालाच नसणार. महायुद्धामुळे हिंदुस्थानात आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळत होता. त्यानं नाबाद 249 काढल्या. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतकं ठोकली. सामना मुंबईनं 374 धावांनी जिंकला. आमच्या वाड्यातले एक आजोबा हा आकडा असा सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं होळकरच जिंकले.

दुसरी गोष्ट ताजी आहे. 1998-99 साली मध्य प्रदेशचा संघ रणजीच्या अंतिम फेरीत बेंगळुरूला कर्नाटकाकडून हरला. कर्णधार होते चंद्रकांत पंडित. 2022 च्या जूनमध्ये त्याच मैदानावर मध्य प्रदेशानं मुंबईला हरवून पहिल्यांदा करंडक घेतला, तेव्हा प्रशिक्षक होते तेच चंद्रकांत पंडित. त्या संध्याकाळी त्यांचे डोळे भरून आलेले सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. तेवीस वर्षं मनात राहिलेली हार अशी फेडता येते, हे मुलांना कळावं म्हणून तरी मैदानावरची स्पर्धा हवी.

पण ही स्पर्धा आणि माझा तो पेपरांचा गठ्ठा एकाच जातीचे आहेत का? मैदानात उतरणारा आपण होऊन उतरतो. ज्याला क्रिकेट जमत नाही तो तबला शिकतो, कुस्ती खेळतो, गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेत नाव देतो किंवा नुसता मांडवाच्या खांबाला टेकून शेंगदाणे खातो. सामना संपतो, धावफलक उतरवला जातो. पुढच्या मोसमात सगळे शून्यापासून सुरू करतात. आणि हरणाऱ्याला समोरच्याचा खेळ दिसतो: तो चेंडू कसा सोडतो, पाय कुठं टाकतो. वर्गातल्या क्रमांकाच्या शर्यतीत यातलं एकही नाही. नाव आपोआप नोंदलेलं असतं, पहिलीपासून दहावीपर्यंत सुटका नसते, आणि पहिल्या आलेल्या मुलानं तो प्रश्न कसा सोडवला हे अडतिसाव्याला कधीच दिसत नाही. त्याला फक्त टाळ्या ऐकू येतात.

शून्यापासून सुरू करण्याचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण माझा विषयच तसा आहे. गणितात मागचं राहिलं की पुढचं अडतं. सहावीत ज्याला अपूर्णांक कळला नाही, त्याला आठवीतलं बीजगणित चिनी भाषेसारखं दिसतं. म्हणजे शर्यतीत जो मागं पडलाय त्याच्या पायाला दर वर्षी एक वीट जास्त बांधायची आणि म्हणायचं, स्पर्धा करा, स्पर्धेनं प्रगती होते.

स्पर्धेचा आणखी एक परिणाम मला शिक्षक म्हणून जास्त खुपला. नववीच्या वर्गात एक मुलगी आजारपणामुळे तीन आठवडे गैरहजर होती. परत आल्यावर तिनं दुसऱ्या एका हुशार मुलीकडे वह्या मागितल्या. त्या मुलीनं दिल्या, पण भूमितीची वही सोडून. माझ्यासमोर म्हणाली, "सर, घरी विसरले." चार दिवस रोज विसरली. ती मुलगी स्वभावानं वाईट नव्हती. डबा वाटून खायची, सहलीत दुसऱ्यांची पिशवी उचलायची. हिशेब मात्र तिनं बरोबर केला होता. क्रमांकाच्या खेळात मैत्रिणीचे पाच मार्क वाढले की आपण एक पायरी खाली येतो. हा खेळ आम्ही मांडला होता, तिनं तो नीट खेळला. आणि मग मूल्यशिक्षणाच्या तासाला आम्हीच सहकार्यावर निबंध लिहून घेत होतो.

आता लोक म्हणतात, बाहेरचं जग स्पर्धेचंच आहे, मुलांना सवय नको का? या आक्षेपाला मी कमी लेखत नाही. कोचिंग क्लासांच्या भंवरकुआँ चौकात उभं राहिलं की जग कसं आहे ते डोक्यावरच लटकलेलं दिसतं. फ्लेक्सवर हसऱ्या चेहऱ्यांच्या ओळी, प्रत्येकाच्या खाली आकडा. आयआयटीच्या सगळ्या मिळून जागा 18 हजारांच्या आसपास, आणि जेईई मेनला बसणारी मुलं 14 लाखांच्या घरात. मेडिकलच्या 'नीट'ला तर 22 लाखांवर. जिथं जागा कमी आणि मागणारे जास्त, तिथं रांग लावावीच लागते, आणि चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा परीक्षा बरी. हे मला मान्य आहे.

पण ती रांग म्हणजे ज्ञानाचं माप आहे असं समजण्याची आपली चूक 4 मे 2025 ला याच शहरात उघडी पडली. त्या दुपारी नीट चालू असताना इंदुरात वादळी पाऊस आला, बऱ्याच केंद्रांवर वीज गेली. मुलांनी अंधुक उजेडात, काहींनी मेणबत्तीच्या प्रकाशात पेपर सोडवले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात गेलं. एका न्यायमूर्तींनी याचिका करणाऱ्या मुलांची फेरपरीक्षा घ्यायला सांगितलं, नंतर दोन न्यायमूर्तींच्या पीठानं तो आदेश रद्द केला. कोण बरोबर, यात मी पडत नाही. पण विचार करा, त्या मुलांना जीवशास्त्र येत होतं तेवढं वादळाआधीही येत होतं आणि वादळानंतरही. फक्त रांगेतली जागा हलली. पन्नास कमी मार्कांनी हजारो जण पुढं निघून जातात. जेईई मेनचा निकाल तर पर्सेंटाइलच्या सात दशांशस्थळांपर्यंत देतात, कारण तेवढं बारीक चिरल्याशिवाय इतक्या मुलांना एकामागं एक उभं करता येत नाही. हे चिरणं प्रवेश देणाऱ्या कचेरीची गरज आहे. सातवीच्या वर्गात कुणाला कुठली जागा वाटायची असते? सातवीतल्या प्रत्येक मुलासाठी आठवीत बाक आहे. तिथं रांग कशासाठी?

आणि सवयीचं म्हणाल, तर दुष्काळ येणार म्हणून लहानपणापासून उपाशी राहायची सवय कुणी मुलांना लावत नाही. खाऊन अंगात ताकद आणतात. केंद्र सरकारनं जानेवारी 2024 मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं म्हटलंय. तरी सहावीपासूनच्या 'फाउंडेशन' क्लासची चौकशी पालक माझ्यासारख्या निवृत्त मास्तराकडेही करतात. "सर, अभी से रेस में नहीं डाला तो पिछड़ जाएगा." मी विचारतो, पोराला गुणाकार येतो का? त्यावर उत्तर मिळतं, "क्लास में थर्ड है." आपण काय विचारलं होतं हे मग मीच विसरून जातो.

हे 'थर्ड है' प्रकरण आणखी एका कारणानं फसवं आहे. 'असर' या शालेय शिक्षणाच्या अहवालासाठी 2024 मध्ये झालेल्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याच मुलांना, नेमकं सांगायचं तर 48.8 टक्क्यांना, दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला. आता ज्या वर्गात कुणालाच नीट वाचता येत नाही, त्या वर्गातही कुणीतरी पहिलं येतंच. त्याच्या घरी पेढे वाटले जातात. आणि जिथं सगळ्यांना उत्तम येतं, तिथंही कुणीतरी शेवटचा असतोच, त्याच्या घरी भाषण होतं. क्रमांक हा असा गुणी आहे की शाळेनं काहीच शिकवलं नाही तरी तो निघतो. मुख्याध्यापकांना तो आवडतो यात आश्चर्य काय!

इथं माझ्या बाजूच्या लोकांशीही माझं भांडण आहे. स्पर्धा नको म्हणणारे बरेच जण परीक्षाही नको म्हणतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं आणि सोबत सातत्यपूर्ण मूल्यमापन आणलं. कल्पना चांगली होती. प्रत्यक्षात आम्ही शिक्षक रजिस्टरांचे कॉलम भरत बसलो, आणि काही न येणारं मूल हसत हसत वरच्या वर्गात जात राहिलं. 2019 मध्ये कायदा बदलला. पुढं मध्य प्रदेशानं पाचवी-आठवीची परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर सुरू केली. मी त्याच्या विरोधात नाही. मुलाला काय येतं आणि काय येत नाही हे शोधून काढणं शिक्षकाचं कामच आहे, आणि ते मुलाला आणि त्याच्या आईबापांना स्पष्ट सांगणंही. खोटी शाबासकी हा मुलाचा अपमान आहे. परीक्षा हवी, कडक हवी, नापासही करा हवं तर. फक्त परीक्षेनं मुलाला धड्याशी ताडून पाहावं, शेजाऱ्याशी नव्हे.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच राज्यातल्या दोन सरकारी योजना बघा. मध्य प्रदेश मंडळाच्या बारावीत 75 टक्क्यांच्या वर गुण मिळाले की लॅपटॉपसाठी 25 हजार रुपये मिळतात. आणि सरकारी उच्च माध्यमिक शाळेत बारावीला पहिलं येणाऱ्याला स्कूटी मिळते. लॅपटॉपच्या योजनेत तुमच्या मित्राला 80 टक्के पडले तर तुमचं काहीच जात नाही. उलट त्याला भौतिकशास्त्र समजलं असेल तर तो तुम्हाला समजावून देईल, दोघांनाही पैसे मिळतील. स्कूटी मात्र पहिल्याचीच. तिच्यासाठी मित्राच्या पेपराकडे वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. एकाच सरकारची, एकाच वर्गातल्या मुलांसाठीची बक्षिसं, पण एक बक्षीस वर्ग जोडतं आणि दुसरं वर्गात भांडण लावतं. माझ्या हातात असतं तर स्कूट्या विकून आणखी लॅपटॉप घेतले असते. (लेकींना शाळेत जायला स्कूटी हवी असते, हे मला कळतं. मग ती लांबून येणाऱ्यांना द्या, पहिल्या येणाऱ्यांना कशाला?)

सगळ्यात अवघड आक्षेप माझ्या वडिलांचा आहे आणि तो मी टाळणार नाही. ज्याच्यामागं कुणी नाही, त्याच्याकडे क्रमांक हा एकच पुरावा असतो. ओळखीपाळखीच्या जगात मार्कांची यादी ही गरिबाची साक्षीदार आहे. ती काढून घेतली तर पुन्हा ज्याचे काका साहेब तोच पुढं. हे खरं आहे, आणि म्हणूनच शिष्यवृत्तीच्या परीक्षा, नवोदयची प्रवेश परीक्षा, लोकसेवा आयोग या गोष्टी जपायला हव्यात. पण त्या सगळ्या मोठ्या मैदानातल्या, आपण होऊन उतरायच्या स्पर्धा आहेत, तपासणारा अनोळखी असतो. वडिलांना ज्या पुराव्याची गरज होती तो दहावीच्या मार्कशीटवर होता. पाचवीच्या सहामाहीतला माझा नववा क्रमांक पुढं कुणीही, कुठल्याही मुलाखतीत, कधीही विचारला नाही. आणि गरिबाचं मूल वर्गातल्या रांगेत पुढं असतं हा समजही तपासून बघावा. ज्याच्या घरी शिकवणी, स्वतंत्र खोली आणि इंग्रजी बोलणारी आई, त्याची सुरुवातच पन्नास पावलं पुढून होते. माझ्या त्या सात मुलांपैकी पाच शिकवणीला जात होती. क्रमांक लावून आम्ही त्याला गुणवत्ता म्हणत होतो.

एनसीईआरटीनं 2022 मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे 3 लाख 79 हजार विद्यार्थ्यांची पाहणी जाहीर केली. अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची चिंता वाटते असं 81 टक्क्यांनी सांगितलं. या विषयावर लिहिणारे इथून थेट आत्महत्यांच्या आकड्यांवर जातात. मी जाणार नाही. एकेका घरातलं दुःख युक्तिवादाला टेकू म्हणून लावणं मला बरं वाटत नाही, आणि माझ्या म्हणण्याला त्याची गरजही नाही. क्रमांकानं एकाही मुलाची झोप उडाली नसती तरी मी म्हटलं असतं की तो काढा, कारण तो शिकण्याच्या कामाचा नाही.

बोर्डं हळूहळू वळताहेत. महाराष्ट्राच्या मंडळानं गुणवत्ता यादी बंद करून बरीच वर्षं झाली. सीबीएसईही आता यादी काढत नाही, मुलांमधली अनिष्ट स्पर्धा टाळायची म्हणून. विषयात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या 0.1 टक्का मुलांना प्रमाणपत्र देण्याचा मोह मात्र त्यांना सुटलेला नाही. आमच्या भोपाळच्या मंडळाची प्रावीण्य सूची मात्र अजून थाटात निघते. पण बोर्डानं यादी बंद करून उपयोग काय, जर शाळाच दुसऱ्या दिवशी स्वतःची यादी छापून फाटकावर टांगत असेल? त्या फ्लेक्सवरचा चेहरा सोळा वर्षांच्या पोराचा असतो. त्याच्या मेहनतीवर जाहिरात शाळेची.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रगतिपुस्तकातला तो एक रकाना काढा. मार्कांवरून 'अ' आणि 'क' तुकड्या पाडू नका. 'क' तुकडीतल्या मुलाला आपण तिथं का आहोत हे पहिल्याच दिवशी कळतं. आणि ज्यांना चढाओढ आवडते त्यांच्यासाठी गणिताचं ऑलिंपियाड, प्रश्नमंजूषा, बुद्धिबळ, वादविवाद, नाटक सगळं भरवा. करंडक ठेवा, ढोल वाजवा. याच शहरात द. दा. देवळालीकर मास्तरांनी चित्रकला शिकवली. त्यांच्या हाताखालून ना. श्री. बेंद्रे गेले, हुसेन गेले, विष्णू चिंचाळकर गुरुजी गेले. त्या वर्गात कोण कितवा होता, हे आज कुणी सांगेल का? आणि सांगितलं तर त्या चित्रांत काही भर पडेल का?

मी स्वतः बदललो ते काही तत्त्व म्हणून नाही. वह्या चाळल्या त्या वर्षी, जूनमध्ये, पेपर हजेरीच्या क्रमानं वाटायला सुरुवात केली, बस्स. पहिल्या दिवशी वर्ग गोंधळला. तिसऱ्या-चौथ्या चाचणीला माझ्या लक्षात आलं की गठ्ठा संपायला पूर्वीइतकाच वेळ लागतोय, पण पेपर मिळालेली मुलं माना खाली घालून काहीतरी बघताहेत. ती आपले पेपर वाचत होती. मी लाल शाईनं लिहिलेलं वाचत होती! अकरा वर्षं मी समासात 'इथं चिन्ह बदल', 'ही पायरी का गाळली?' असं लिहून हात दुखवून घेतला होता आणि ते कुणी वाचत नव्हतं, कारण सगळ्यांचे कान पुढच्या नावाकडे असायचे. रूथ बटलर यांनी 1988 साली इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर नेमकं हेच तपासलं होतं, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. काहींना नुसते मार्क दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली आणि त्यांची गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांचं मात्र नुसते मार्क मिळालेल्यांसारखंच झालं. मार्कांनी शेरा गिळला. मी मार्क द्यायचे सोडले नाहीत, तेवढं धाडस नव्हतं. पण गठ्ठ्याचा क्रम बदलल्यानं शेऱ्याला निदान श्वास घ्यायला जागा मिळाली.

त्या पहिल्या वर्षी सात जणांपैकी एका मुलीनं हात वर केला. "सर, मग सगळ्यात जास्त कुणाला, ते कळणार कसं?" मी म्हटलं, "मी सांगणार नाही. तुला हवं असेल तर विचार त्यांना." मला वाटलं, विषय संपला. मधल्या सुट्टीनंतर वर्गात आलो तर तिच्या वहीच्या मागच्या पानावर 42 नावं आणि त्यांच्यापुढं आकडे, व्यवस्थित उतरत्या क्रमानं, पट्टीनं रेघा मारून. शेवटच्या चार नावांपुढं जागा रिकामी होती. त्यांनी सांगितलं नव्हतं, म्हणाली. मी वही परत दिली आणि धडा सहावा काढायला सांगितला.